मोटारीमागचे बिऱ्हाड

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उन्हाळ्याच्या दिवसांत जी नाना तऱ्हेची फिरती घरे दृष्टीस पडतात, त्यांत शयनगृह, स्नानगृह आणि दिवाणखाना एवढ्या सर्व सरंजामासह धावणाऱ्या अवजड वाहनांचीच संख्या मोठी असली, तरी एखाद्या लहानशा मोटारीच्या मागून, पुढे फुगीर आणि मागे निमुळती होत गेलेली, माणसाच्या खांद्याइतक्याच उंचीची एक पेटी दोन चाकांवर निमूटपणे येताना दिसली, की पाहणाऱ्याचे कुतूहल त्या थोरल्या गाड्यांना सोडून तिच्याकडे वळते. टिअरड्रॉप ट्रेलर या नावाने ओळखली जाणारी ही पेटी आडव्या पडलेल्या थेंबाच्या घाटाची असते. आणि तिचे वैशिष्ट्य असे, की ती विकत घेणाऱ्यांच्या बरोबरीने, घरच्या मोटारखान्यात सुट्टीच्या दिवशी करवत आणि रंधा चालवून ती स्वतःच्या हाताने बांधणाऱ्यांचीही एक परंपरा आहे, जी मध्यंतरी खंडली तरी समूळ नष्ट कधीच झाली नाही.

दोन्ही अंगांना असलेल्या बुटक्या दारांतून आत शिरावयाचे आणि शिरल्यावर आडवे व्हावयाचे, एवढाच या घरातील व्यवहार. उभे राहण्याची सोय नाही, खुर्ची नाही, मेज नाही. दोन माणसांपुरती गादी, पायथ्याशी कपड्यांचे एक फडताळ, एक दिवा आणि छताला एक झरोका यांवर गृहरचना आटोपते. स्वयंपाकाचा बंदोबस्त पाठीमागे केलेला असतो. तो निमुळता भाग म्हणजे वस्तुतः एक रुंद झडप असून ती वर उचलली, की तिच्या छायेखाली कमरेच्या उंचीचा ओटा, शेगडी, बर्फपेटी आणि डब्यांची मांडणी असा सारा मुदपाकखाना उघडा होतो, आणि रांधणारा जमिनीवर, मोकळ्या हवेत उभा राहून आपले काम करतो. ताठ उभे राहण्यासाठी घराला जी उंची द्यावी लागते ती अशा रीतीने आकाशाकडून फुकट मिळविल्यामुळे वाऱ्याला सामोरा जाणारा दर्शनी पृष्ठभाग मोठ्या ट्रेलरच्या मानाने निम्म्याहूनही कमी होतो. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, हमरस्त्यावरील वेगाला या काटकसरीचे मोल पेट्रोलच्या हिशेबात प्रत्यक्ष दिसू लागते.

या कल्पनेचा जन्म मंदीच्या दशकातला. १९२९ साली डेट्रॉइटचे आर्थर शेरमन नावाचे एक जंतुशास्त्रज्ञ कुटुंबासह सहलीस निघाले असता, त्यांनी विकत घेतलेला घडीचा कापडी ट्रेलर ऐन पावसात वेळेवर उभा राहीना, म्हणून त्यांनी पुढच्या खेपेसाठी एक साधी बंदिस्त पेटीच चाकांवर बांधून घेतली. आणि लोकांनी तिची इतकी विचारपूस केली, की त्यातून ‘कव्हर्ड वॅगन’ हा त्या काळचा एक मोठा ट्रेलर-कारखाना उभा राहिला. परंतु कारखान्याचा माल ज्यांच्या आवाक्याबाहेर होता त्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाच्या घटना लाकडाच्या व्यापारात घडत होत्या. १९२८ साली अमेरिकेत प्लायवुडचा चार फूट रुंद व आठ फूट लांब असा प्रमाणित तक्ता बाजारात आला, आणि १९३४ साली वॉशिंग्टन राज्यातील हार्बर प्लायवुड या कंपनीचे रसायनतज्ज्ञ जेम्स नेव्हिन यांनी पाण्याला पूर्णपणे दाद न देणारा सरस तयार केला. तोवर पावसात पापुद्रे सुटून येणारे प्लायवुड हे घरातल्या कपाटांपुरते लाकूड होते. या सरसामुळे ते घराबाहेर, उन्हापावसात टिकणारे झाले. त्याच वर्षी क्रायस्लर कंपनीने वायुबोगद्यात पारखलेली ‘एअरफ्लो’ मोटार विक्रीस काढली. ती व्यापारात साफ आपटली खरी, पण सुप्रवाही आकाराचे वेड लोकांच्या डोक्यात तिने कायमचे भरवून दिले. १९३६ साली वॉली बायम यांनी काढलेल्या ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ या चकचकीत ॲल्युमिनियमच्या ट्रेलरची किंमत १,२०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या साध्या नव्या फोर्ड मोटारीच्या जवळजवळ दुप्पट होती. ज्याला तो आकार हवा होता पण ती किंमत परवडत नव्हती, त्याच्यापुढे आठ फुटी प्लायवुडचा तक्ता आणि हस्तव्यवसायाच्या मासिकांतून छापून येणारे आराखडे एवढाच मार्ग होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर या मार्गावर गर्दी झाली. लष्कराने निकालात काढलेल्या मालाचे ढीग बाजारात आले होते. त्यांतील जीपगाडीची चाके आणि बॉम्बफेकी विमानांच्या पंखांचे ॲल्युमिनियमचे पत्रे यांतून कित्येक टिअरड्रॉप ट्रेलर उभे राहिले. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाच्या सप्टेंबर १९४७ च्या अंकात प्रसिद्ध झालेले दोन माणसांच्या ट्रेलरचे आराखडे आजही हौशी कारागीर मूळ दस्तऐवजासारखे जपून ठेवतात. पुढे १९५६ च्या कायद्याने देशभर प्रशस्त महामार्ग होऊ लागले, मोटारींची इंजिने बलदंड झाली, आणि ज्याला मोठे घर ओढता येते तो लहान घर का ओढील, या न्यायाने ही थेंबाकार पेटी विस्मृतीत गेली. शतकाच्या अखेरच्या दशकात तिचा पुनरुद्धार झाला, त्याला जितकी जुन्या वस्तूंची हौस कारण झाली तितकीच लहान मोटारींची चलतीही.

कारण या विषयाचे सारे गणित वजनाचे आहे. तेथील पुष्कळशा लहान मोटारींना, कारखानदाराच्याच दाखल्याप्रमाणे, एक ते दीड हजार पौंडांपेक्षा, म्हणजे साडेचारशे ते पावणेसातशे किलोंपेक्षा अधिक ओढण्याची मुभा नसते. जुन्या पद्धतीने प्लायवुडचा बांधलेला टिअरड्रॉप रिकामाच साडेतीनशे ते पाचशे किलो भरतो. त्यात पाणी, बर्फ, अन्न, गाद्या आणि बॅटरी यांची भर पडली, की मर्यादा संपलीच. यास्तव हलका ट्रेलर बांधू पाहणाऱ्याने प्रत्येक वस्तूकडे, ती तराजूत काय भरेल, या एकाच दृष्टीने पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. माझे स्वतःचे मत असे, की नळ असलेले हात धुण्याचे कुंड ही या घरातील पहिली निरर्थक चैन होय. तोटी बसविलेला वीस लिटरांचा डबा ओट्यावर ठेवला, की तेच काम होते आणि नळ्या, पंप व सांडपाण्याची टाकी या सर्वांना फाटा मिळतो. कपाटांचेही तसेच. सुतारकाम हाताला लागले, की माणसाला कप्प्यावर कप्पा करीत जाण्याचा मोह आवरत नाही, आणि मग हलक्या भिंतींनी वाचविलेले किलो जड कपाटांच्या खाती जमा होतात.

मात्र काटकसर कोठे करू नये हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. चाके, आस, पाट्यांच्या कमानी आणि मोटारीला जोडणारी दांडी, म्हणजे ज्याला आपल्याकडचे गॅरेजवाले चासी म्हणतात तो सारा सांगाडा, हा घरगुती हिकमतीचा प्रांत नव्हे. अमेरिकेत अवजारांच्या दुकानांतून चार फूट रुंद व आठ फूट लांब असा लोखंडी सांगाडा सुट्या भागांच्या रूपाने खोक्यांत भरून मिळतो व नट-बोल्टांनी घरी जोडता येतो. अल्पखर्ची ट्रेलरांपैकी पुष्कळांचा पाया हाच असतो. ज्याला वेल्डिंगचे उत्तम ज्ञान आहे त्याने स्वतः सांगाडा करावा. इतरांनी भिंतीत दहा प्रयोग करावेत, पण सांध्यात एकही करू नये. भिंत गळली तर गादी भिजते, दांडी तुटली तर मागून येणाऱ्या निरपराध माणसाचा जीव जातो. दांडीखालून फुलीच्या आकारात बांधावयाच्या दोन साखळ्यांचा नियमही याच भयातून आला आहे: जोड निसटलाच तर त्या फुलीवर दांडी झेलली जाते आणि रस्त्यात रुतत नाही.

भाराच्या वाटणीचे तत्त्व मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. बैलगाडीत सामान पाठीमागे अधिक झाले, की गाडी उलाळ होते व जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे अधिक झाले, तर बैलांच्या मानेवर नाहक ओझे येते. म्हणून जाणता गाडीवान पोती रचतानाच धुरेला थोडा भार राहील अशी तजवीज ठेवतो. ट्रेलरच्या बाबतीत हा ‘थोडा भार’ एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा असे मानतात; म्हणजे भरलेला ट्रेलर चारशे किलोंचा असेल, तर दांडीच्या टोकावर चाळीस ते साठ किलो यावयास हवेत. तो मोजण्यासाठी घरातला माणसे तोलण्याचा काटा दांडीच्या टोकाखाली, दांडी समपातळीत राहील अशा उंचीवर ठेवला, की पुरते. बैलगाडी उलाळ झाली, तर फार तर उलटी होईल, पण ट्रेलर उलाळ असेल, तर ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीमागे तो डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, आणि शेवटी मोटारीलाच आपल्यामागे फरफटत नेतो. टिअरड्रॉपमध्ये शेगडी, बर्फपेटी, डबे असा सारा जड जिन्नस नेमका पाठीमागे असल्यामुळे ही भीती अधिक. म्हणूनच आस पेटीच्या मध्याच्या बरीच मागे बसवावी लागते, आणि बॅटरी व जादा चाक यांची योजना पुढे दांडीवर केलेली बरी.

सांगाडा आणि त्यावर बोल्टांनी आवळलेली, खालून डांबरी लेप दिलेली प्लायवुडची जमीन तयार झाली, की या कामातील सर्वांत रम्य भागास आरंभ होतो. बाजूच्या भिंतीसाठीचा तक्ता जमिनीवर पसरून त्यावर ठराविक अंतराने, घाटाच्या अंदाजाप्रमाणे, बारीक खिळे ठोकतात, आणि गाठ नसलेल्या लाकडाची एक लांब, लवचीक पट्टी त्या खिळ्यांना टेकवून वाकवितात. पट्टी जेथे नाखुशीने वळते तेथे खिळा चुकलेला आहे असे समजून तो उपटून थोडा आतबाहेर करावयाचा. आणि ती सर्वत्र सहज टेकली, की तिच्या कडेने पेन्सिल फिरवावयाची. होड्या बांधणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या आपल्या रेषा अशाच काढीत आले आहेत, आणि संगणकावर काढलेल्या रेषेपेक्षा ही रेषा डोळ्याला अधिक सुखावते, कारण ती लाकडाने स्वतःच्या स्वभावानुसार घेतलेली असते. मग दोन्ही भिंतींचे तक्ते एकमेकांवर ठेवून शिकंज्यांनी आवळतात आणि एकदमच कापतात, म्हणजे डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळते. कापलेली कड रंध्याने व कानशीने साफ करताना डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवावा. नजरेतून सुटलेला उंचवटा हाताला लागलीच सापडतो.

भिंत कशाची करावी याविषयी दोन पंथ आहेत. जुना पंथ प्लायवुडचा: आत पातळ तक्ता, बाहेर पातळ तक्ता, मध्ये लाकडी पट्ट्यांची चौकट आणि पट्ट्यांमधील पोकळीत उष्णतारोधक फोम. दुसरा पंथ त्या फोमलाच भिंत मानणारा. त्याच्या अनुयायांना तिकडे थोड्या थट्टेने ‘फोमी’वाले म्हणतात. बारा मिलिमीटर जाडीचा एक प्लायवुड तक्ता सुमारे वीस किलो भरतो, तर त्याच लांबीरुंदीचा, परंतु पाच सेंटीमीटर जाडीचा दाट पॉलिस्टायरीन फोमचा तक्ता साडेचार किलोंच्या आसपास. आणि त्याला दोन्ही बाजूंनी कापड, सरस व रंग चढविला तरी एकूण भार प्लायवुडच्या निम्म्याच्या आतच राहतो. शिवाय थंडी-उन्हाचे निवारण तोच करतो, ते वेगळेच.

परंतु हा पदार्थ मोठा लहरी आहे. पेट्रोलजन्य द्रावक असलेला सरस लागला, की तो लोण्यासारखा विरघळून खड्डा पडतो. काचतंतूंच्या कामात सर्रास वापरली जाणारी पॉलिएस्टर राळही त्याला खाऊन टाकते, एपॉक्सी मात्र खात नाही. एपॉक्सी महाग असल्यामुळे गरिबांनी शोधून काढलेला उपाय म्हणजे साधा सुती कॅनव्हास आणि सुतारकामाचा जलरोधक पिवळा सरस. फोमच्या गुळगुळीत पृष्ठावर तारेचा ब्रश घासून तो खरबरीत करतात, सरस पाण्याने किंचित पातळ करून रुळाने पसरतात, आणि तो ओला आहे तोवरच त्यावर कॅनव्हास टाकून मध्यापासून कडांकडे हाताने सुरकुत्या ताणीत नेतात. मग कापडावरूनही सरसाचा एक हात देतात. वाळताना सुती कापड आक्रसते आणि सारी भिंत एकसंध, ताणलेली व आश्चर्यकारक कणखर होते. त्यावर बाहेरच्या भिंतींना देतात तो रंग तीन-चार हात चढविला, की सूर्यप्रकाशाने फोमची होणारी खराबीही टळते. फोममध्ये स्क्रू धरत नाही, हे मात्र सदैव ध्यानात असू द्यावे. जेथे बिजागरी, कडी किंवा दिवा यावयाचा असेल तेथे आधीच लाकडाचे ठोकळे खाच पाडून बसवून ठेवावे लागतात, आणि ते विसरले तर पुढे रंगविलेली भिंत फोडण्याखेरीज गत्यंतर नसते.

ज्यांना जुन्या ट्रेलरांची चकाकी हवी ते वरून ॲल्युमिनियमचा पत्रा लावतात. तो सुरेख दिसतो. पण उन्हात तापला की वाढतो, तीन मीटर लांबीचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने पावणेतीन मिलिमीटर. आणि चोहोबाजूंनी घट्ट जखडलेला असेल, तर या एवढ्याशा वाढीनेही त्याला पोक येते. यास्तव तो कडेच्या पट्टीखाली किंचित मोकळा, सरकता ठेवावा.

या घराचा खरा शत्रू पाणी. आणि तो शत्रू मागच्या झडपेच्या बिजागरीवाटे आत शिरतो. साध्या बिजागरीच्या फटीतून वाहत्या पावसाचे पाणी थेट डब्यांवर उतरते. म्हणून ट्रेलर-रुंदीच्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकमेकींच्या वाकात अडकून फिरतील अशी अखंड बिजागरी वापरतात, आणि झडपेच्या बाजूच्या कडांना रबरी पट्टीबरोबरच पाणी खाली वाहून नेणारी एक चिंचोळी पन्हळही ठेवतात. रबराने सर्व पाणी अडेल ही आशा धरण्यापेक्षा, आत आलेल्या पाण्याला बाहेरची वाट काढून देणे हेच शहाणपणाचे. झडपेची वक्र चौकट वाळल्यावर किंचित उघडते, हाही अनुभव सार्वत्रिक आहे; त्यामुळे ती जरुरीपेक्षा थोड्या अधिक वाकाने बांधण्याचा दस्तूर पडला आहे.

पाणी आतूनही येते. दोन माणसे बंद पेटीत रात्रभर झोपली, की त्यांच्या श्वासांतील बाष्प थंड भिंतींवर साचते आणि पहाटे छतावरून ठिबकू लागते. यासाठी थंडीतही झरोका थोडा उघडा आणि त्यातील बॅटरीवरचा छोटा पंखा मंद चालू ठेवावा. शेगडी मात्र, बाहेर कितीही बोचरा वारा असला तरी, आत कदापि पेटवू नये. एवढ्याशा बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड वायू झोपलेल्या माणसाला जाग येण्याची संधीही देत नाही, आणि भिंती फोमच्या असतील तर आगीचे भय वेगळेच. मुदपाकखाना घराबाहेर ठेवणारी मूळ योजना केवळ जागेच्या टंचाईतून निघाली असेल; पण तिच्यात जीविताचा जामीनही आहे.

खर्चाचा तपशील पाहू गेल्यास, कारखान्यात तयार झालेल्या टिअरड्रॉपला तेथे दहा-पंधरा हजार डॉलर सहज पडतात, तर सांगाडा नवा घेऊनही घरी बांधणारा काही थोड्या हजारांत सुटतो. आणि त्या रकमेतही लाकूड, फोम व कापड यांचा हिस्सा लहान, सांगाडा, टायर, दारे, झरोका व दिवे यांचा मोठा असतो. म्हणून अनुभवी लोक खिडक्या व दारे मोडीत निघालेल्या ट्रेलरांतून मिळवितात आणि भिंतीतील भोके त्यांच्या मापाने पाडतात. मजुरीचा आकडा या हिशेबात कोणी धरीत नाही. तो धरला तर विकतचा ट्रेलरच स्वस्त ठरेल, हे बांधणाऱ्यांच्या बायकांनी वेळोवेळी निदर्शनास आणून दिलेले असणारच.

राहता राहिली ती कचेरीची बाब. रस्त्यावर आणण्यापूर्वी घरच्या ट्रेलरची त्या त्या राज्याच्या वाहन-नोंदणी कचेरीत नोंद व्हावी लागते, आणि नियम राज्यागणिक बदलतात: कोठे सामानाच्या पावत्या व वजनकाट्याची चिठ्ठी दरखास्तीसोबत जोडली की भागते, तर कोठे अधिकारी स्वतः पाहणी करून सांगाड्यावर ठोकावयाचा अनुक्रमांक मंजूर करतो. सुदैवाने बहुतेक राज्यांत इतक्या हलक्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेकची सक्ती नसते. मागचे, थांबण्याचे व वळण्याचे दिवे मात्र मोटारीच्या दिव्यांबरोबर बिनचूक पेटले पाहिजेत, आणि ते पेटत नाहीत याचे कारण दहांतून नऊ वेळा गंजलेल्या किंवा रंगविलेल्या लोखंडावर बसविलेली अर्थिंगची तार हेच निघते. हे सोपस्कार आटोपून पहिल्या सफरीला निघाल्यावर साठ-सत्तर किलोमीटरवर एकदा थांबावे, चाकांचे नट पुन्हा पान्याने आवळावेत, कारण नव्या चाकांचे नट पहिल्या धावेत हमखास सैल होतात, आणि दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात लावून पाहावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल, तर बेअरिंगमधील वंगण आणि नटाचा ताण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.